ओळखू न येणारा दात

फुंदे मॅडमना माणसांची नावं लक्षात राहत नसत, दात राहत. दवाखान्याचा काचेचा दरवाजा ढकलून कुणी आत आलं, की समोरच्या पेशंटच्या तोंडातून मान वर न काढता त्या विचारायच्या, "कोण आलंय?" मी नाव सांगायची.

"कोण ते?"

"खालची उजवी शेवटची दाढ, मॅडम. पोळ्याच्या सुमाराला आलेली."

"हां, ती होय. मरायला टेकली होती. बसव."

पेशंट तिथंच उभा असायचा. मरायला टेकली होती ती दाढ की आपण, हे त्याला कळायचं नाही. तो माझ्याकडे बघायचा आणि मी खुर्चीकडे बोट दाखवायची.

नवऱ्याला शेवगावच्या कॉलेजात नोकरी लागली म्हणून मी पुण्याहून इकडे आले होते. डिग्री ताजी होती आणि हात सफाईदार आहे असा समज होता. एसटी स्टँडमागच्या गल्लीत, खताच्या दुकानाच्या माडीवर मॅडमचा दवाखाना. पहिल्या दिवशी त्यांनी मला काही विचारलं नाही. प्लॅस्टरमध्ये बसवलेली एक उपटलेली दाढ पुढे ठेवली आणि म्हणाल्या, "यातली कीड काढ." मी कॉलेजात शिकवल्याप्रमाणे झटपट, चौकोनी, गुळगुळीत काम करून दाखवलं. त्यांनी चष्म्यावर भिंग चढवलं आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"कीड केवढी होती?"

"ज्वारीच्या दाण्याएवढी."

"आणि हा खड्डा?"

मी वाकून भिंगातून बघितलं.

"मक्याच्या दाण्याएवढा. मधला चांगला दात कुठं गेला? तुझ्या बापाचा होता का?" त्यांनी ती दाढ बादलीत टाकली आणि दुसरी पुढे सरकवली. मग तिसरी. संध्याकाळपर्यंत मी रडकुंडीला आले, तेव्हा म्हणाल्या, "उद्यापासून ये. रडतेस म्हणजे शिकशील."

बुटकी, रुंद हाडाची बाई. पिकलेल्या केसांचा घट्ट अंबाडा, सुती साडी, वर निळा एप्रन. हात मात्र लहान मुलीसारखे. दुपारी भाकरी खाताना प्रत्येक घास आधी उजवीकडे, मग डावीकडे चावायच्या आणि मी एकाच बाजूनं खाते म्हणून मला बोलायच्या. वय पन्नाशीच्या आसपास. लग्न केलं नव्हतं. त्याबद्दल विचारण्याची हिंमत गावात कुणाची झाली असेल असं मला वाटत नाही.

त्या जे काम करायच्या त्याला पुस्तकात बायोमिमेटिक म्हणतात. निसर्गानं दात जसा घडवला तसाच, त्याच्याच रीतीनं भरून काढायचा. जेवढा गेलाय तेवढाच. महाराष्ट्रात मोठ्या शहरांतसुद्धा हे करणारे तेव्हा थोडे होते, आणि मॅडम ते शेवगावात करत होत्या. त्यासाठी लागणारी सबुरी शेवगावात कुणाकडे नव्हती. नव्या पेशंटला खुर्चीत आडवं केलं की त्या पाढे म्हणावेत तसं एका दमात सांगायच्या:

"हे बघा. दोन-अडीच तास जातील. तोंडावर रबराचा पडदा लावणार, बोलता येणार नाही, ते बरंच आहे. कीड कुठली आणि दात कुठला ते कळायला रंग लावणार, रंगेल तेवढंच काढणार. नसेजवळ गेलं की थांबणार. तिथं थोडं ठेवून वरून असं बंद करणार की कीड आतल्या आत उपाशी मरेल. नस मारणार नाही. कॅप बसवायला चांगला दात तासणार नाही. थरावर थर देऊन गेलंय तेवढं भरणार. चार-आठ दिवस गार लागलं तर ठणकेल, बोंबलत यायचं नाही. वर्षातनं एकदा दाखवायला यायचं. आणि सुपारी फोडताना मोडला तर दुसऱ्या डॉक्टरकडं जायचं."

"पर कायम टिकंल ना, बाई?"

"तुम्ही टिकणार आहात का कायम?"

पुष्कळ जण तिथूनच उठून जायचे. जे राहायचे त्यांना त्या हातात आरसा धरून सगळं बघायला लावायच्या. रंग लावल्यावर लालभडक झालेली कीड बघून मिशीवाले बाप्ये डोळे मिटून घ्यायचे. "डोळे उघडा," मॅडम म्हणायच्या. "तुम्हीच पाळलीय."

जगवता येईल असा दात त्या काढून देत नसत. हा त्यांचा धर्म होता आणि धर्माला दयामाया नव्हती. एकदा बोधेगावकडची एक बाई आली. गाल सुजलेला, कडेवर पोर. दुसऱ्या दिवशी टोळीबरोबर ऊसतोडीला निघायचं होतं, ट्रक ठरलेला. "दाढ उपटून द्या बाई, लई ठनकतीया. आता दिवाळी झाली, परत येनं पाडव्यालाच." मॅडमनी बघितलं. म्हणाल्या, "वाचते. आज उघडून ठेवते, पुढच्या आठवड्यात ये." बाईनं हात जोडले. पुढच्या आठवड्यात ती कुठल्या फडात असेल हे तिलाच माहीत नव्हतं. मॅडमनी हातमोजे काढले. "वाचणारी दाढ मी काढत नाही. दुसरीकडं जा." त्या दिवशी दुसरीकडं कुणीच नव्हतं, बाजार बंद होता. बाई जिना उतरेपर्यंत तिच्या पोराचा रडका आवाज येत राहिला.

मी न राहवून म्हटलं, "काढून द्यायला काय जात होतं, मॅडम?"

त्या हात धूत होत्या. "माझ्या आईचे असेच काढून दिले होते सगळ्यांनी. एकेक दुखला की एकेक. बाजारात पोत्यावर बसवून. तिशीत बोळकं झालं तिचं. कारखान्यावर पाचटाच्या कोपीत आम्ही ऊस सोलून खायचो, अन् ती आमच्या तोंडाकडं बघत बसायची." नळ बंद केला. "पुढचा बोलव."

पाडव्यानंतर ती बाई परत आली. दाढ फडातच फुटली होती, जबडा पिकला होता, तिकडच्या कुठल्याशा डॉक्टरनं काढली होती. मॅडमनी रिकामी जागा बघितली आणि म्हणाल्या, "तुला सांगितलं होतं." बाईला पलीकडची दाढ दाखवायची होती.

शीतल पहिल्यांदा आली ती नवऱ्याबरोबर, गाडीतून. अमोलचं जवळच्याच गावात बियाणं-औषधांचं दुकान होतं. कपडे इस्त्रीचे, बोलणं गोड. "मॅडम, नळावर पाय घसरला हिचा," तो म्हणाला. शीतल विशी-बाविशीची, ओढणी तोंडावर धरलेली. वरचा पुढचा दात आडवा तुटला होता, अर्ध्यातून.

मॅडमनी भिंग लावलं आणि त्यांचा चेहराच बदलला. "नस शाबूत आहे," त्या पुटपुटल्या. "वा. सुंदर."

तुटलेल्या दाताला सुंदर म्हणणारी बाई शीतलनं त्यापूर्वी बघितली नसणार. ती माझ्याकडे बघत राहिली. मॅडमनी नेहमीसारखे फोटो काढले. ओठ प्लॅस्टिकच्या आकड्यांनी ताणायचे आणि फक्त दात टिपायचे, ही त्यांची पद्धत. मग कामाला लागल्या. आत दाताच्या गाभ्याचा पिवळसर थर, त्यावर दुधी, कडेला काचेसारखा पारदर्शक. शेजारच्या दातावर जन्मतःच एक बारीक पांढरा ठिपका होता, तसाच ठिपका यावरही सुईच्या टोकानं ठेवला. दुपार उलटून गेली. शेवटी पॉलिश करून त्यांनी अमोलला आत बोलावलं.

त्यानं बोटानं बायकोचा ओठ वर उचलला, गुरांच्या बाजारात उचलतात तसा. "आयला! कुठला तुटला हुता त्येच कळंना की!"

"कळला तर मी कशाला?" मॅडम म्हणाल्या आणि हसल्या. मी त्यांना हसताना फारसं पाहिलं नव्हतं.

वर्ष व्हायच्या आत शीतल पुन्हा आली. या वेळी तो दात आणि शेजारचा, दोन्ही. वरचा ओठ फुगून काळानिळा.

"बाथरूममधी पडली," अमोल म्हणाला. चेहऱ्यावर तेच हसू.

"तुमच्या घरातली फरशी बरी हिच्याच तोंडावर येते," मॅडम म्हणाल्या. तो आणखी हसला. त्याला बाहेर बसवून मॅडमनी विचारलं, "कुणी मारलं?"

शीतलनं दरवाजाकडे बघितलं. काच होती, आणि काचेपलीकडे अमोल मोबाईल बघत बसला होता. तिनं मान हलवली, पण हो की नाही ते कळलं नाही. मॅडमनी क्षणभर वाट बघितली, मग रबराचा पडदा लावला. आता तिला बोलायचं असतं तरी बोलता आलं नसतं.

ते दोघं गेल्यावर मी म्हटलं, "मॅडम, तिच्या आईबापांना तरी कळवायला हवं."

"मी दाताची डॉक्टर आहे. नवरे दुरुस्त करायचं मशीन माझ्याकडं नाही." त्या कॉम्प्युटरवर फोटो बघत होत्या, आधीचा आणि नंतरचा. "बघ. पहिल्यापेक्षा सरस जमलाय."

तिसऱ्या वेळी शीतल आईबरोबर आली, एसटीनं. दात धड होते. मार पाठीवर आणि कानावर होता, पण ती त्यासाठी आली नव्हती. ती सासर सोडून निघाली होती, ठाण्यात तक्रार द्यायला गेली होती. तिथल्या हवालदारानं सगळं ऐकून घेतलं होतं. दोनदा दात तोडले म्हटल्यावर तो सावध झाला होता, कारण तुटलेल्या दाताला कलम मोठं लागतं. "दाखव," म्हणाला. तिनं तोंड उघडलं. सगळे दात जागच्या जागी, मोत्यासारखे. "आगं, हे तर जाहिरातीतलं दात हायेत," तो म्हणाला होता.

"तेवढं लिहून द्या बाई," शीतलची आई म्हणाली. "पोरगी खोटारडी हाय म्हनून सांगत फिरत्यात."

मॅडमनी लिहून देण्याऐवजी एप्रन काढला. फोटो मोबाईलवर घेतले आणि आम्ही चौघी ठाण्यात गेलो. हवालदार वाईट माणूस नव्हता. त्यानं आम्हाला खुर्च्या दिल्या.

"पेशंटचं नाव काय बाई?"

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. दोन वेळा तिच्या तोंडावर तासन् तास वाकून बसलेल्या बाईला तिचं नाव माहीत नव्हतं. "शीतल," मी म्हटलं. शीतल माझ्या शेजारीच बसली होती.

हवालदारानं फोटो बोटांनी मोठा केला. "यात तोंड कुठंय?"

"हे काय, तोंडच आहे. तुटलेला दात दिसत नाही का?"

"दात दिसतोय. मानूस कुठंय? हे माझं बी तोंड आसू शकतंय की." मागचे दोघं-तिघं हसले. त्यानं पुढचा फोटो उघडला. "आन् ह्यात तर तुमी नवाच करून दिलाय. लई भारी केलाय. मग आता मोडलंय काय, ते सांगा."

मॅडमनी मोबाईल त्याच्या हातातून घेतला आणि उठल्या.

दवाखान्यात परत आल्यावर त्यांनी दिवे लावले, खुर्ची आडवी केली आणि शीतलला म्हणाल्या, "मी लावलंय, मी काढते. आतला दोनदा तुटलेला दात आहे तसाच आहे. तो दाखव त्याला."

आई मध्ये आली. "नगं बाई! तरनीताठी पोर. आसं भगदाड घिऊन कुठं जाईल? उद्या मिटलं तर नांदवंल कोन तिला?"

"म्हणजे तुम्हाला मिटवायचंच आहे."

"आमाला दोन पोरी हायेत अजून," आई म्हणाली.

शीतल कुणाकडेच न बघता खुर्चीवर जाऊन बसली. ओढणी घडी करून मांडीवर ठेवली.

भरायला लागला होता त्याहून काढायला जास्त वेळ लागला. दात कुठं संपतो आणि आपलं काम कुठं सुरू होतं, हे मॅडमना स्वतःलाच सापडेना. भिंगातून दिसेना, बोटाला लागेना. शेवटी खोलीत अंधार करून जांभळी टॉर्च धरली, तेव्हा कुठं दोन रंगांतला फरक दिसला. नवं असं दाताला चिकटलं होतं की जिवंत दातासारखं तुकड्यातुकड्यानं खरवडावं लागलं. मॅडमच्या कपाळावरचा घाम मी पुसत होते. इंजेक्शन दिलेलं होतं, दुखत नव्हतं, तरी शीतलच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी कानाकडे वाहत होतं. नस वाचवायची म्हणून उघड्या जागेवर मॅडमनी नखाएवढा पातळ लेप दिला. बाकी तुटकं तसंच ठेवलं.

आरसा दिला. शीतलनं बघितलं आणि तोंडावर हात ठेवला. मॅडमनी तो हात मनगटाला धरून खाली ओढला.

"झाकायचं नाही. याच्यासाठीच केलंय. सगळ्या बाजारातनं अशीच चालत जा."

त्या दिवशी तक्रार लिहून घेतली गेली. अमोलला बोलावणं गेलं. आणि आठवड्याच्या आत त्याच्या वकिलानं सोपी गोष्ट विचारली: आदल्या भेटीला पोरीचे दात धड होते, हे खुद्द हवालदारानं डोळ्यांनी बघितलं होतं. मधल्या वेळात ती फक्त दवाखान्यात गेली. मग दात तोडला कुणी?

शेवगाव हे गाव अशा गोष्टीला फार वेळ लावत नाही. फुंदेबाईनं धडधाकट पोरीचे दात फोडले, हे आधी रसवंतीवर ऐकू आलं, मग स्टँडवर, मग माझ्या घरमालकिणीकडून. डोक्यावर परिणाम झालाय म्हणे, लग्न नाही झालं म्हणून संसारावर डूख धरते म्हणे. बाकावर पेशंट दिसेनासे झाले. ज्या बाईच्या दोन दाढा मॅडमनी वाचवल्या होत्या, ती रस्ता ओलांडून पलीकडून जाऊ लागली. मॅडम रोज वेळेवर यायच्या, हत्यारं उकळायच्या, भाकरी दोन्ही बाजूंनी चावून खायच्या.

मिटवामिटवी अमोलच्या चुलत्याच्या पडवीत झाली. निरोप आला तशा मॅडम निघाल्या. मी बरोबर गेले. सतरंजीवर दोन्हीकडची माणसं होती. शीतल खांबाशी, आईच्या मागे.

"बाई, तुमच्यावर आमाला काय करायचं न्हाई," चुलते शांतपणे म्हणाले. "तुमी बी शिकल्या-सवरल्याल्या. पोरगी नांदायला येतीया, तक्रार मागं घेतीया. फक्त दात कुनी तोडला, त्येवढं तिनं चार मानसांत सांगायचं. मंजी आमच्या घराला डाग नगं."

आई सतरंजीचा दोरा ओढत बसली होती.

"सांग बाळा," चुलते म्हणाले.

"बाईनं," शीतल म्हणाली.

"मोठ्यानं."

"फुंदेबाईनं तोडला."

मला वाटलं मॅडम आता उसळतील. त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. "खरंय," त्या म्हणाल्या. "मीच तोडला. हिच्यासमोर तोडला," माझ्याकडे बोट करून. मग शीतलला म्हणाल्या, "उद्या ये. भरून देते. जेवून ये, वेळ लागेल."

"आमी नगरला दाखवलंय," अमोल म्हणाला. "तिकडं एका बैठकीत करत्यात."

दुसऱ्या दिवशी मॅडमनी सकाळपासून खुर्ची रिकामी ठेवली. रंगांच्या पट्ट्या काढून मांडून ठेवल्या. आला त्या एकुलत्या एका पेशंटला नंतर या म्हणाल्या. दुपारी पट्ट्या परत डबीत गेल्या.

पुढे माझ्या नवऱ्याची बदली झाली. सामान बांधायच्या आधीचा आठवडे बाजार होता. मॅडम आणि मी भाजी घेत होतो. मेथीच्या ढिगापाशी समोरून शीतल आणि अमोल आले. तिनं आम्हाला बघून मान खाली घातली. पण मॅडम सरळ तिच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि तिची हनुवटी धरली.

"बघू."

शीतलनं तोंड उघडलं. वरचे दोन दात तासून त्यांवर टोप्या चढवलेल्या, खडूसारख्या पांढऱ्या, एकसारख्या. मॅडमनी तिचं तोंड उन्हाकडे वळवलं, अंगठ्यानं ओठ उचलला. भाजीवाल्या बघायला लागल्या.

"काय बाई, बाजारात बी दवाखाना?" अमोल म्हणाला.

मॅडमचं लक्ष नव्हतं. "दुखतात का?"

"न्हाई," शीतल म्हणाली. काहीतरी चांगलं सांगावं तसं तिनं पुढं सांगितलं, "अजाबात न्हाई बाई. गार, गरम, काईच लागत न्हाई आता."

"नाही लागणार. नसा मारल्यात त्यांच्या."

"झ्याक काम केलंय नगरवाल्यानं," अमोल म्हणाला.

मॅडमनी आणखी थोडा वेळ हनुवटी तशीच धरून ठेवली. खालचा एक दात हलत होता; त्यांनी बोटानं तो किंचित ढकलून बघितला, मलाही दिसला. त्यांनी अमोलकडे बघितलं, मग तिच्याकडे. अंगठा साडीला पुसला, पिशवी उचलली आणि गर्दीतून चालू लागल्या.

दहा-बारा पावलांवर जाऊन त्यांनी मागं वळून बघितलं. शीतल अजून तशीच उभी होती, मान वर, तोंड उघडं. खुर्चीतले पेशंट असेच राहतात, डॉक्टर सांगेपर्यंत.

"मिट आता," मॅडम तिथूनच ओरडल्या.